पिशवीतला चहा

आमच्या ऑफिसात रोज चार वाजता चहा येई. टपरीवरचा पोरगा उकळता चहा पातळ पिशवीत ओतून, तोंडाला गाठ मारून आणी. सोबत कागदी कप. ही पद्धत आम्हीच पाडली, कारण किटली कोण धुणार? घाटकोपर स्टेशनला उतरल्यावर पोरांसाठी इडली घेतली, तर गरम सांबारही तसेच पिशवीतून घरी जाई. सोय झाली, एवढेच आम्ही पाहिले.

बंधू-भगिनींनो, आम्ही पडलो कारकून, म्हणून हिशेब मांडतो. कागद चहा धरत नाही. त्यासाठी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर देतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने २०२० मध्ये तपासले. अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले, तर सुमारे २५,००० बारीक कण त्यात उतरतात. दिवसाला तीन कप, म्हणजे ७५ हजार कण पोटात! पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हे कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

पोटात जाऊन काय होते? इटलीच्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतील चरबीचा थर काढलेले २५७ रुग्ण तपासले. १५० जणांच्या थरात पिशवीचेच प्लास्टिक, पॉलिथिन, सापडले. २०२४ च्या त्यांच्या अहवालानुसार, ज्यांच्या थरात प्लास्टिक होते त्यांना हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यूचा धोका साडेचार पट आढळला. प्लास्टिकनेच हे झाले असे सिद्ध झालेले नाही. पण धोक्याची घंटा वाजली आहे.

फेकलेली पिशवीही आपल्याला सोडत नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा शेजारच्या देवनारला पडत आला. २०१६ च्या जानेवारीत तेथे आग लागली, तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत गेला. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तरी पिशवी गेली नाही. कारण ती मागणारे आपणच.

मग काय करावे? गरम पदार्थासाठी घरातून स्टीलचा डबा न्यावा, चहाला किटली आणि काचेचा ग्लास. वस्तीतील कार्यक्रमाला पळसाची पत्रावळ घ्यावी. मात्र तिला आतून प्लास्टिकचा कागद चिकटवलेला नाही ना, हे पाहावे. वडापाव वर्तमानपत्रात बांधणे हा उपाय नव्हे. शाईतील शिसे व इतर रसायने तेलकट पदार्थात उतरतात, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बजावले आहे. तेव्हा हा अंकही वाचायलाच ठेवा!

टपरीवाल्याशी मात्र भांडू नका. तो आपल्यासारखाच पोटासाठी राबतो. आपण भांडे नेले तर त्याचा पिशवीचा खर्च वाचतो.

आमच्या ऑफिसात आता वर्गणी काढून घेतलेली किटली आहे. धुण्याची पाळी लावली आहे. सोमवार आमचा.