पात्र असूनही वंचित



दान देताना आपले पूर्वज घेणारा पात्र आहे का, हे आवर्जून पाहत. ‘पात्र’ हाच शब्द आज सरकारी कागदांवरही आढळतो. फरक इतकाच की, तेथे पात्र ठरलेल्यास जे मिळते ते दान नसते, त्याचा हक्क असतो. तरीही पुष्कळदा तो हक्क त्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या पुण्यालगतचा मुळशी तालुका पाहा. पूर्वेस हिंजवडी-पिरंगुटची बांधकामे, कारखाने आणि गोदामे. पश्चिमेस ताम्हिणीकडील डोंगर आणि कातकरी वाड्या. आंबेमोहोर तांदळासाठी ख्यात असलेल्या या भूमीत दोन्ही टोकांना कामामागे फिरणारी कुटुंबे आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बांधकामावरील मजूर एक इमारत पूर्ण झाली की दुसरीकडे जातो. घर फिरते राहिले की नोंदवहीतील नाव मागे राहते आणि नावाबरोबर बाळाचा आहारही.

वास्तविक तरतुदी भरीव आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून गर्भवती, स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीमार्फत पूरक आहार मिळतो. त्यासाठी शिधापत्रिकेची अट नाही. बाळाचे आधार कार्ड नसेल, तर आईच्या आधारावर नोंद होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. परराज्यातील शिधापत्रिकेवरही येथील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते.

मग अडते कोठे? लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी केलेले नसते, म्हणून ते सासरच्या पत्रिकेत चढत नाही. जन्मदाखला काढलेला नसतो, म्हणून बाळाचे नाव राहून जाते. पौडच्या तहसील कार्यालयात एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. दोन खेपा निष्फळ झाल्या की तिसरी कोणी घालत नाही.

येथे आपला व्यापारी समाज मोलाचे कार्य करू शकतो. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची उधारी वाढली, हे गावात दुकानदारास सर्वांआधी कळते. आपल्या गोदामातील हमाल, दुकानातील नोकर, इमारतीचा रखवालदार, घरी कामास येणाऱ्या ताई यांना तीन प्रश्न विचारावेत : शिधापत्रिकेत घरातील प्रत्येकाचे नाव आहे का? लहान मूल किंवा गर्भवती असल्यास अंगणवाडीत नोंद आहे का? बँकेचे खाते आधारशी जोडले आहे का? उत्तर ‘नाही’ असल्यास अर्ज भरून द्यावा आणि कार्यालयात जाण्यासाठी भरपगारी रजा द्यावी. रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक दुकानात ठळक लावावा.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. या कामाचा मोबदला घेऊ नये आणि उधारीपोटी कोणाचीही शिधापत्रिका ठेवून घेऊ नये.

फुकट धान्य मिळाल्यास आपले गिऱ्हाईक कमी होईल, अशी शंका एखाद्याच्या मनात येईल. परंतु ज्या घरी तांदूळ-गव्हाचा खर्च वाचतो, त्या घरी डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे येऊ लागतात. तेच मुलांच्या अंगी लागते, आणि ते आपल्याच दुकानातून जाते.

शिध्याचे एक पाकीट आठवडाभर पुरते. नोंदलेले नाव वर्षानुवर्षे पुरते, आणि त्यासाठी त्या मातेला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. येत्या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने किमान एका घराची नोंद पूर्णत्वास न्यावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!