कच्चें चित्र आणि पक्कें चित्र

कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा पडद्यावर जें छायाचित्र टवटवीत दिसलें, तेंच संगणकावर उघडतांच फिकें व उदास कां दिसावें, हा प्रश्न हल्लीं अनेक घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर कठीण नाहीं. परंतु तें नीट समजल्यावांचून उपायही सांपडत नाहीं.

प्रस्तुत प्रश्न आमच्याकडे आला तो कचारगडाच्या निमित्तानें. गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांत, दरेकसा स्थानकापासून जवळच डोंगरांत ही विशाल नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचें हें परमपवित्र स्थान असून माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते. आमच्या परिचयांतील एका तरुण शिक्षकांनीं यात्रेस आलेल्या कांहीं वृद्धांचीं छायाचित्रें त्यांच्या संमतीनें घेतलीं व छापून देण्याचें वचन दिलें. कांहीं चित्रें कॅमेऱ्यानें तयार केलेल्या जेपेग स्वरूपांत होतीं, तर कांहीं केवळ ‘रॉ’, म्हणजे कच्च्या स्वरूपांत. संगणकावर शेजारीं शेजारीं ठेवतां एकाच फेट्याचा पिवळा रंग दोन ठिकाणीं दोन प्रकारचा दिसूं लागला. त्या वृद्धांपैकीं एक बाई मध्यंतरीं निवर्तल्या आणि त्यांच्या घरीं त्यांचें दुसरें छायाचित्र नाहीं. तेव्हां हा विषय केवळ हौसेचा नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

कॅमेऱ्यांतील संवेदकाच्या सूक्ष्म कणांस रंग कळत नाहीं; प्रकाश किती पडला एवढेंच कळतें. म्हणून त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या बसवितात. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांस १९७६ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात व उरलेल्या निम्म्यांत तांबड्या व निळ्या समसमान असतात. कच्च्या फाइलींत या मोजमापांची नोंद असते. ती १४ बिटांची असल्यास प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मोजतां येतात. उलट नेहमींच्या जेपेगमध्यें प्रत्येक रंगास २५६ पायऱ्याच मिळतात. ती नोंद जशीच्या तशी दाखविली, तर चित्र काळपट व हिरवट दिसतें. शेजारच्या कणांवरून उरलेले रंग अनुमानणें, पांढऱ्याचा समतोल साधणें, छायाप्रकाशाची वक्ररेषा लावणें, रंग खुलविणें, कडा धारदार करणें, हे सर्व संस्कार मागाहून व्हावे लागतात.

संस्कृताच्या अभ्यासकांस हें एका दृष्टांतानें पटकन् उमगेल. कच्ची फाइल म्हणजे सूत्र. जेपेग म्हणजे भाष्य. बादरायणांचीं ब्रह्मसूत्रें एकच, परंतु शंकराचार्य, रामानुजाचार्य व मध्वाचार्य यांचीं भाष्यें निरनिराळीं. त्याचप्रमाणें कॅमेरा बनविणारी कंपनी त्याच आंकड्यांवर एक भाष्य करते आणि संगणकावरील प्रणाली दुसरें. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण पाहतों तें कंपनीचें भाष्य होय. त्याची एक प्रत बहुधा कच्च्या फाइलीच्या पोटांतच ठेवलेली असते. म्हणूनच कांहीं प्रणालींत चित्र क्षणभर सुंदर दिसून लगेच रंग पालटतें. तेथें बिघाड झालेला नसतो. भाष्यकार बदललेला असतो.

आतां उपाय. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याच कंपनीची प्रणाली वापरणें. कॅननची ‘डिजिटल फोटो प्रोफेशनल’ व निकॉनची ‘एनएक्स स्टुडिओ’ या प्रणाली कॅमेऱ्यांत निवडलेली चित्रशैली ओळखून तीच लावतात. फुजीफिल्मच्या ‘एक्स रॉ स्टुडिओ’मध्यें तर कॅमेरा तारेनें संगणकास जोडून त्याच्याच यंत्राकडून रूपांतर करून घेतां येतें. ॲडोबीची ‘लाइटरूम’ वापरणारांनीं आरंभींच ‘कॅमेरा मॅचिंग’ या गटांतील योग्य रूप निवडावें. ‘रॉथेरपी’ या विनामूल्य प्रणालींत फाइलीच्या पोटांतील चित्र पाहून त्याच्याशीं जुळणारी वक्ररेषा आपोआप काढण्याची सोय आहे.

क्रम मात्र सांभाळावा. प्रथम रंगांचें मूळ रूप, मग उजेड, मग वक्ररेषा, त्यानंतर रंगांची गडदता आणि शेवटीं कडांची धार. क्रम उलटल्यास एक दुरुस्ती दुसरीस खाऊन टाकते. ज्या प्रसंगाचीं दोन्हीं रूपें उपलब्ध असतील, तें चित्र आधीं जुळवावें. मग तेच आंकडे त्याच उजेडांतील इतर चित्रांस लावावे. गुहेंत छतांतील विवरांतून उतरणारा प्रकाश व बाहेरील ऊन यांचे गट वेगळे ठेवावे. पुढील यात्रेस जाणारानें दोन्हीं स्वरूपें एकदम साठविण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे ताडून पाहण्यास नमुना हातीं राहील. कच्ची फाइल कधींही टाकून देऊं नये.

तथापि कंपनीच्या भाष्यास वेदवाक्य मानूं नये. रंगीत छायाचित्रें छापणारांस रंग ताडण्यासाठीं कोडॅककडून ‘शर्ली कार्ड’ नांवाचे नमुने मिळत. त्यांवर अनेक दशकें गोऱ्या वर्णाच्या स्त्रीचेंच चित्र असे, आणि सांवळ्या व काळ्या चेहऱ्यांचे बारकावे छापील चित्रांत बुडून जात. आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले आहेत. पण चेहरा कसा दिसावा याविषयीं प्रत्येक कंपनीची आपली आवड असतेच. जुळणी केल्यानें संग्रहास एकरूपता येते, सत्यता येतेच असें नाहीं. म्हणून सर्व चित्रें जुळल्यावर, छापण्यापूर्वीं, एक प्रत ज्यांचें तें माणूस आहे त्यांच्या हातीं द्यावी आणि वर्ण बरोबर आहे काय, हें त्यांसच विचारावें. उजळ केलेलें चित्र देखणें असेल. पण घरच्यांस हवी असते ती आपल्या माणसाची ओळख.