यंत्राच्या निर्णयावर कारकुनाचा शेरा

सरकारी कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण द्यावे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद व्हायला हवा तो कोणते शिक्षण द्यावे याविषयी.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले, तेव्हा सुमारे ४६ लाख कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची तरतूद ५१०.८६ कोटी रुपयांची होती. साधा भागाकार केला तर माणशी वर्षाला सुमारे २२२ रुपये! एवढ्या पैशांत चित्रफीत दाखवून प्रमाणपत्र देता येते. मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’साठी मात्र १०,३७१.९२ कोटी मंजूर झाले. यंत्र आणि माणूस यांचे सरकारदरबारी मोल काय, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

परंतु प्रश्न केवळ पैशाचा नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०१९ या काळात भत्ता घेणाऱ्या गरिबांकडून संगणकाने ‘जादा दिलेली’ रक्कम वसूल केली. वर्षाची मिळकत २६ पंधरवड्यांत सारखी वाटून टाकण्याचा तो हिशेब होता. ज्याला चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, तो या हिशेबात लबाड ठरला. पूर्वी कर्मचारी मालकांकडे चौकशी करून खातरजमा करीत. ती पायरीच गाळण्यात आली, आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्या गरिबावर पडला. हा हिशेब चुकीचा आहे हे खात्यातील साध्या कर्मचाऱ्यांना कळत होते, त्यांनी तसे सांगितलेही. वरिष्ठांनी ऐकले नाही. जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ती योजना क्रूर व बेकायदा ठरविली. तेथे उणीव ज्ञानाची नव्हती, अधिकाराची होती.

उद्या आपल्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेच्या एखाद्या विधवेला यंत्राने अपात्र ठरविले, तर समोरच्या अव्वल कारकुनाला ते प्रकरण थांबवून विरुद्ध शेरा मारता येईल काय? नकाराचे कारण तिला मराठीत, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने मिळेल काय? आणि ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक, ज्याने मानधनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, ज्याच्या हातून ही सारी माहिती यंत्रात जाते, त्याची या प्रशिक्षणात गणना होणार की तो कंत्राटी म्हणून वगळला जाणार?

कर्मचारी संघटनांनी वेतनवाढीच्या मागण्यांबरोबरच ही मागणीही पुढे रेटली पाहिजे: यंत्राच्या निर्णयाशी लेखी असहमती नोंदविण्याचा हक्क सेवानियमांत यावा, आणि तो बजावणाऱ्याची बदली होऊ नये.