मालक पुण्यात, भाडेकरू खामगावात. छत गळते हे सांगायचे कुणाला?

खामगाव, शेगाव, मलकापूर, बुलढाणा. इथे घर बांधलेले अनेक मालक नोकरीसाठी किंवा मुलांकडे पुण्याला गेले, की चावी शेजारच्या काकांकडे, भाच्याकडे किंवा एजंटकडे राहते. भाडे घेणे, खोली दाखवणे, मोटार बिघडली तर मेकॅनिक पाठवणे हे तोच पाहतो. 'प्रॉपर्टी मॅनेजर' अशी पाटी त्याच्या दारावर नसते, काम मात्र तेच.

खरी अडचण निरोपाची आहे. भाडेकरू म्हणतो, 'काकांना तीनदा सांगितले, स्लॅब गळतो.' काका म्हणतात, 'मालकाच्या कानावर घातले.' मालक म्हणतो, 'मला वाटले, थोडी ओल असेल.' पावसाळा संपतो आणि घर सोडताना रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. यात काका खोटे बोललेले नसतात. प्लंबरला पाचशे रुपये देण्याचाही अधिकार त्यांना कुणी दिलेला नसतो, एवढेच.

कायद्यात मात्र तोंडी निरोपाला फारशी किंमत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. पण 'काकांना सांगितले' ही नोटीस ठरवणे अवघड. शिवाय ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्याला आधार असतो तो करारातल्या अटींचाच.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलटे सिद्ध होत नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते, त्यामुळे 'गावी यायला वेळ नाही' ही सबब मालकांनी सोडावी.

त्याच करारात मधल्या माणसाचे नाव लिहावे. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती तो न विचारता करून घेईल, त्याचा मोबदला कोण देणार, हेही. एजंटचे कमिशन दोन्हीकडून येत असेल तर तो नेमका कुणाचा माणूस, हा प्रश्न भाडेकरूने आधीच विचारलेला बरा. तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करावा, चावी घेतानाचे भिंतींचे फोटो त्यावर टाकावेत. सुप्रभातचे संदेश तेवढे दुसरीकडे.