विनामूल्य सेवेचा खर्च

वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, तेव्हा असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान असावे ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. पुढे केरळने हे काम घरोघरी नेले. कोझिकोडला १९९३ मध्ये आरंभलेल्या प्रयत्नांतून मलप्पुरम जिल्ह्यात शेजारधर्मावर आधारलेली योजना उभी राहिली आणि २००८ साली त्या राज्याच्या शासनाने उपशामक सेवेचे धोरणच जाहीर केले. दुकानदार, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशी साधी माणसे प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास रुग्णाच्या उशाशी बसतात. महाराष्ट्रानेही हाच मार्ग धरावा असे म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो: स्वयंसेवक मिळाले की खर्च वाचतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे वाक्य खटकते. घरकामाला ठेवलेल्या स्त्रीशी मालकाने विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगूने दाखविलेला विरोधाभास आम्ही वर्गात हसत हसत शिकवितो. वेतन थांबते, श्रम थांबत नाहीत. स्वयंसेवकाचेही तसेच आहे. फक्त येथे शरीराहून मन अधिक झिजते.

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका अशा सेवेत होत्या. एका पावसाळ्यात त्यांचे चार रुग्ण गेले. नाते नाही म्हणून सुतक नाही, समाचाराला कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तेरावा होण्याच्या आत नव्या रुग्णाचा पत्ता हाती आला. ‘मन घट्ट करा, प्राणायाम करा’ एवढा सल्ला मात्र मिळाला. दिवाळीनंतर त्यांनी जाणे सोडले. सल्ला वाईट नव्हे (मी स्वतः पहाटे नियमाने फिरायला जातो), परंतु संस्थेने उचलावयाचा भार त्याने व्यक्तीच्या माथी जातो.

एका वेळी किती रुग्ण द्यावयाचे याला मर्यादा हवी, भेटीला दोघांनी मिळून जावे, मृत्यूनंतर काही दिवसांची सक्तीची सुट्टी असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अनुभवी समुपदेशकासमोर मोकळेपणी बोलता येईल अशी पाक्षिक बैठक हवी. तेथे ‘मला आता जमत नाही’ हे शब्द पराभवाचे मानले जाऊ नयेत. यास पैसा लागतो. फार नव्हे, समुपदेशकाचे मानधन आणि प्रवासभाडे. औषधे, वाहन, परिचारिकेचे वेतन यांच्याप्रमाणेच तो अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, आणि अनुदान देणाऱ्याने हे शीर्ष कोरे असलेला अर्ज परत पाठवावा.