काका, टॅक्सची पावती दाखवता का?

फ्लॅट बघायला गेलं की आपण काय काय विचारतो! पाणी किती वाजता येतं, बाइकला पार्किंग आहे का, मित्रमैत्रिणी आलेल्या चालतील का. मालमत्ता कर मात्र ‘तो मालकांचा प्रश्न’ म्हणून सोडून देतो. मी पुण्यात चार घरं बदललीत आणि आता टोकन देण्याआधी टॅक्सचं बिल बघायला मागते. नसती चौकशी नाही ही. मालक आपल्याशी किती सरळ वागणार, हे त्या कागदावरून कळतं.

कसं, ते सांगते. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल, तर मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते. ही सवलत १९७० पासूनची. मध्ये काही वर्षं ती बंद झाली, २०२३ मध्ये परत आली. घर भाड्यानं दिलं की ती संपते. म्हणून काही मालक फ्लॅट भाड्यानं देतात आणि महापालिकेच्या कागदावर मात्र स्वतःच तिथे ‘राहतात’. मग आपल्याला ऐकू येतं, ‘ॲग्रीमेंट रजिस्टर कशाला? घरचेच आहोत की!’ एक काकू तर मला म्हणाल्या, ‘कुणी विचारलं तर माझी भाची म्हणून सांग हं.’ मी दुसरा फ्लॅट शोधला.

कारण हे नातं महागात पडतं. डिपॉझिटवरून वाजलं, तर हातात धड कागद नसतो. जुन्या करप्रणालीत एचआरए घेत असाल, तर आणखी गंमत. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिसात मालकांचा पॅन द्यावा लागतो. म्हणजे इन्कम टॅक्सकडे तुम्ही भाडेकरू आणि महापालिकेकडे भाची!

मग तपासायचं कसं?

पावती मागा : चालू वर्षाचं बिल आणि पावती दोन्ही बघा. बिलावरचं नाव आणि ॲग्रीमेंटवरचं नाव जुळतं का, तेही बघा.

थकबाकी बघा : बिलावरचा मालमत्ता क्रमांक महापालिकेच्या वेबसाइटवर टाका. थकबाकीदारांच्या दारात महापालिकेनं खरोखर बँड वाजवलाय. ती वरात आपल्या दारात नको.

शेजारी विचारा : त्याच बिल्डिंगमध्ये, तेवढ्याच फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहत असतील आणि सवलत घेत असतील, तर त्यांचं बिल किती येतं? तुमच्या फ्लॅटचंही तेवढंच असेल, तर सवलत बहुधा इथेही चालू आहे.

मुंबईकरांनो, तुमचा हिशेब वेगळा. तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे.

सवलत चालू दिसली, तर लगेच भांडायला जाऊ नका. शांतपणे दोन गोष्टी सांगा. भरलेला मालमत्ता कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, त्यामुळे मालकांचं सगळंच नुकसान नाही. आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून रजिस्टर करणं ही त्यांचीच जबाबदारी आहे. ‘मग भाडं थोडं वाढेल,’ असं उत्तर येईल कदाचित. किती, ते घासाघीस करून ठरवा. पण रजिस्टर केलेला करार हातात असेल, तर डिपॉझिट मागताना आवाज चढवावा लागत नाही.