कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीविषयी माझी जुनी तक्रार आहे. ती रचणाऱ्याला पायरी चढायची की नाही, हे ठरवण्याची मुभा होती. गरिबाला ती नसते. त्याला दंडाला धरूनच वर नेतात. आणि खाली उतरायची वाट सांगणारा वकील आधी फी मागतो!

मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. पण खालच्या दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. सख्खा भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो नामंजूर! अखेर १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडवले. पुढच्याच वर्षी हुसेनआरा खातून खटल्यात बिहारचे तुरुंग उघडे पडले. गुन्हा शाबीत होऊन जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काही कच्चे कैदी खटल्याविनाच आत खितपत होते.

कायद्याने हात आखडता घेतला आहे, असेही नाही. मोफत कायदेशीर साहाय्याचा अनुच्छेद ३९-क १९७६ साली घटनेत आला. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्री, मूल, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचा माणूस, कारखान्यातला कामगार, कोठडीतला कैदी यांना मिळकत न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना मिळकतीची मर्यादा आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

मग घोडे अडते कुठे? अडते ते मागण्यापाशी. जे आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस मागणार कसे? म्हणून तर, आरोपीने मागितला नाही एवढ्यावरून त्याला वकील नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बजावले. त्याआधी, १९८२ साली, पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ स्त्रियांना भेटल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांतल्या पाचजणींनी सांगितले. बारसेबाईंचे पत्र हाच अर्ज मानून न्यायालयाने १९८३ साली हुकूम दिला : अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदा साहाय्य समितीला कळवावे. तोंड नसलेल्यांच्या वतीने कुणीतरी दोन ओळी लिहिल्या, म्हणून हे घडले.

आपल्याला एवढे मोठे काम झेपेल न झेपेल. पण वाचकहो, यंदा भांडीवालीला दिवाळीची पोस्त द्याल, तेव्हा एक आकडाही सांगा : १५१००. हा विधी सेवेचा दूरध्वनी. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते, हेही सांगा. नवऱ्याने घराबाहेर काढले, मुलाला पोलिसांनी उचलले, तर जायचे कुठे, हे तिला आधी कळलेले असावे. पोस्त चार दिवसांत संपते. हे सांगणे अडल्या वेळी उपयोगी पडेल.